मोगऱ्याच्या दोन ओळी

चंदनाने मोगरा लावला तो हौसेने नव्हे, नवरा घरी राहावा म्हणून. भात झोडून झालं की धनेश भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा, तो थेट पेरणीलाच उगवायचा. एका वर्षी तर धाकटी हर्षाली बापाला बघून घाबरली आणि आजीच्या पदराआड लपली. त्या दिवशी चंदनाने ठरवलं, हे आता पुरे. मोगरा धरला. पहाटे दोघं समोरासमोरच्या ओळींत बसून कळ्या खुडायची. मोखाड्याहून बारक्याचा टेम्पो यायचा, कळ्या उचलून पूल ओलांडायचा आणि जव्हारवरून दादर गाठायचा. धनेश घरी राहू लागला आणि पोरगी त्याच्या खांद्यावरून उतरेना.

यंदा ऐन बहरात पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. पाटीवर मुदत लिहिली होती, पण असल्या पाटीवरची मुदत वाचायची असते, धरायची नसते. मोखाड्याच्या बाजारात दुकानदार माशा मारत बसले. जव्हारच्या कॉलेजात जाणारी पोरं घरी बसली. बारक्या लांबच्या वळणाने जाऊ लागला, तर दादरला पोचेपर्यंत कळ्या उमलून जायच्या आणि उमललेलं फूल व्यापारी हातात धरीना. शेवटी बारक्यानेही हात वर केले.

कळ्या खुडल्या नाहीत तर झाड रुसतं, म्हणून चंदना रोज खुडून पाड्यावर वाटायची. म्हाताऱ्यासुद्धा गजरे माळून भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायला निघाल्या. सगळ्या पाड्याला लग्नघराचा वास येत होता आणि चंदनाला नुसतं रडू येत होतं, कारण धनेश पुन्हा भट्टीचं नाव काढायला लागला होता.

मग तीच उठून पुलावर गेली आणि मुकादमाला गळ घालून तिने धनेशला कामाला लावलं. माणूस रात्री घरी जेवेल, वर पूलही लवकर होईल, असा तिचा हिशेब. दुपारी नागलीची भाकर घेऊन जायची आणि त्याच्यामागे लकडा लावायची, की जरा हात चालव. त्यानेही चालवला. सळ्या बांधण्यात तो असा तयार झाला की मुकादम दुसऱ्याला हात लावू देईना. इकडे चंदना देव पाण्यात घालून बसलेली.

पूल झाला. त्या संध्याकाळी धनेश खाली मान घालून जेवला आणि म्हणाला, की मुकादमाचं पुढचं काम पनवेलच्या पलीकडे आहे आणि तो त्याला बोलावतोय.

"आणि मोगरा?" तिने विचारलं.

"मोगऱ्याचा काय भरवसा? एक पूल बंद झाला तं आपण बसलो. मुकादमाकडं बारा महिने काम हाय," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "तूच सांगत होतीस ना, हात चालव."

तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

सकाळी पुलावरून जाणाऱ्या पहिल्या टेम्पोत बारक्याने आधी कळ्या चढवल्या, मग धनेश पिशवी घेऊन बसला. आता कळी मिटलेलीच दादरला पोचेल, असं बारक्या खुशीत सांगत होता. हर्षाली अजून झोपेत होती. हा पूल आणखी वर्षभर मोडका राहिला असता तर बरं झालं असतं, असं चंदनाला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटीच खुडायला बसली. तिची ओळ संपेपर्यंत ऊन वर आलं. धनेशच्या ओळीतल्या कळ्या सगळ्या उमलून गेल्या होत्या, आणि रस्त्यावर बारक्या हॉर्न वाजवत होता.