फुलीखालचा चेहरा

"भरा ना लवकर, किकुयोसान! चार वाजता पान छापखान्यात गेलं नाही तर मला घरी बसवतील," मासिकाचा तरुण संपादक आसानुमा दारातूनच ओरडला. बूट काढून आत यायलाही त्याला सवड नव्हती.

किकुयोने ब्रश शाईत बुडवला. चित्रकथेच्या धंद्यात पेन्सिलीच्या फुलीला एकच अर्थ असतो: इथे काळं भर. सेन्सेई, म्हणजे ही चित्रकथा काढणारे गुरुजी, फुली मारत आणि किकुयो भरत असे. कधी केस, कधी रात्रीचं आकाश, कधी विहिरीचं तोंड. अशी चौतीस वर्षं गेली होती. आजची फुली कथेच्या नायकाच्या, गिहाची आजोबांच्या, चेहऱ्यावर होती. हाताच्या सवयीने तिने तीही भरली.

"बाप रे!" आसानुमा म्हणाला. "मालिकेचं शेवटचं पान, आणि म्हाताऱ्याचा चेहराच अंधारात! काय डोकं आहे सेन्सेईंचं!"

किकुयो ओल्या शाईकडे बघत राहिली.

गिहाची आजोबा म्हणजे साऱ्या देशाचा लाडका वाह्यात म्हातारा. टोफूचं दुकान मुलाच्या हवाली करून दिवसभर गल्लीत रेंगाळणारा. गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराची मालकीण, विधवा ओतोरा, नुसती दिसली तरी, चित्रकथेत चळलेल्या पुरुषाचं दाखवतात तशी, त्याच्या नाकातून रक्ताची चिळकांडी उडायची. हात आपोआप पुढे सरकायचा, आणि पोचायच्या आत ओतोराची लाकडी बादली त्याच्या टाळक्यात बसायची.

किकुयो कामाला लागली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. आधीच्या कचेरीतल्या साहेबांचा हात खरोखरच पोचला होता, म्हणून ती नोकरी तिने सोडली होती. पहिल्याच दिवशी तिने सेन्सेईंना सांगितलं, "मी भिंती काढीन, बादल्या काढीन. हा घाणेरडा म्हातारा मी काढणार नाही."

सेन्सेई रागावले नाहीत. त्यांनी आपल्या डब्यातलं भाताचं एक शीत उचललं आणि कागदावर, गिहाचीचं बोट आणि ओतोराची बाही यांच्या मध्ये ठेवलं. शीत बरोब्बर बसलं.

"एवढं अंतर," ते म्हणाले. "दर वेळी. हात पोचला की हसू मेलं. आणि हे त्यालाही ठाऊक असतं. डोळे बघ त्याचे."

तिने पाहिलं. म्हातारा बाईकडे बघत नव्हताच. तो बादली कधी येतेय याची वाट बघत होता, आशेने, लहान मुलासारखा. हे सगळं फक्त चार रेघांत होतं. पुढे तिने हजारो बादल्या काढल्या, पण त्या चार रेघांपाशी आली की दर वेळी तिचा हात थांबायचा. डोळे फक्त सेन्सेई काढत.

वसंतात सेन्सेईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. हे शेवटचं पान त्यांनी इस्पितळातून, डाव्या हाताने, पेन्सिलीच्या वेड्यावाकड्या रेघांनी आखून पाठवलं होतं.

"आसानुमासान, ही फुली वेगळी होती," किकुयो हळूच म्हणाली.

"फुली ती फुली!"

"ते दोन झटक्यांत मारतात. ही गिरवलेली होती. कागद फाटायला आला होता. मी बघितलं आणि तरी भरलं." तिने पान पुठ्ठ्यात घातलं, शाईच्या आणि पांढऱ्या रंगाच्या बाटल्या पिशवीत टाकल्या. "टॅक्सी बोलवा. इस्पितळात जायचंय."

"आत्ता? दीड वाजलाय!"

"म्हणूनच."

इस्पितळात पान बघताच नर्स खुदकन हसली. "अगंबाई, गिहाची! आमची आई ह्याला शिव्या घालायची, आणि मासिक आलं की घरात सगळ्यांआधी तीच वाचायची."

सेन्सेईंनी काळा चेहरा पाहिला. मग डाव्या हाताने पेन्सिल मागितली आणि चादरीवर पडलेल्या स्वतःच्या उजव्या हातावर एक फुली मारली. गिरवून, दाबून. मग पेन्सिलीचं टोक किकुयोच्या बोटांकडे वळवलं.

"तू," ते म्हणाले. जीभ जड होती, तरी शब्द स्पष्ट आला.

किकुयोला आता कळलं. ती फुली म्हणजे काळं भर नव्हे. मला जमलं नाही, असं ती फुली सांगत होती.

"डोळे? मी? सेन्सेई, मी बादल्या काढते!"

"अहो, त्या बादल्या चौतीस वर्षं कोणाच्या टाळक्यात घातल्यात तुम्ही?" आसानुमा म्हणाला. "तुमच्याइतकं त्याला कोणी बघितलंय? बसा!"

तिने काळ्यावर पांढरा रंग चढवला. एक हात, दोन हात, तीन. प्रत्येक थर वाळेपर्यंत आसानुमा पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि घड्याळाकडे बघत होता. नर्स हातातलं काम विसरून उभी होती.

चित्रात ओतोरा आता ऐंशीची झाली होती. पहिल्यांदाच तिच्या हातात बादली नव्हती. तिने स्वतःहून हात पुढे केला होता. समोर गिहाचीचा हात, आणि मध्ये शिताएवढी जागा.

सुकलेल्या रंगावर निब अडखळत होती. किकुयोने श्वास रोखला. एक रेघ. दुसरी. जन्मभर हात पुढे करणाऱ्या म्हाताऱ्याला आज अडवणारं कोणी नव्हतं, आणि तो पार घाबरून गेला होता. तिसरी. चौथी. डोळे भिरभिरत बादली शोधत होते. गालावर तिने लाजेच्या दोन बारीक तिरप्या रेघा ओढल्या.

नर्स हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

सेन्सेईंनी पान किती तरी वेळ पाहिलं. डावं बोट दोन हातांमधल्या जागेवर ठेवलं. मग त्यांच्या घशातून आवाज आला. नर्स दचकली, पण ते हसत होते.

आसानुमा पान घेऊन जिन्यावरून धावत सुटला. मूळ कागदावर चेहऱ्याच्या जागी बोटाला रंगाचा उंचवटा लागत होता. छापून आल्यावर तो दिसणार नव्हता.

नर्सने ओलं फडकं आणलं. "हातावरची फुली पुसते हं, आजोबा."

"द्या इकडे," किकुयो म्हणाली.

चौतीस वर्षं एका टेबलाशी बसून तिने त्या हाताला कधी स्पर्श केला नव्हता. तिने तो आपल्या तळहातावर घेतला आणि फुली हलकेच पुसू लागली.