दोनशे टोपणं

सकाळपासून सूनबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. दुकानाच्या दारापर्यंत जायची, रस्त्याकडे बघायची, घड्याळाकडे बघायची आणि परत आत यायची. चार वाजता नर्सिंग कॉलेजची गाडी दोनशे पेनं न्यायला येणार होती. शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला संध्याकाळच्या समारंभात हाताने घडवलेलं एक पेन द्यायचं, असं प्राचार्यबाईंनी ठरवलं होतं.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. सासरे तशी हाक मारायचे, ती सगळ्या गल्लीने उचलली. सासरे पेनवाले, चाळीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. पेनाचे आणि टोपणाचे आटे डोळ्याच्या मापाने पाडायचे आणि मापाला हात लावणाऱ्याला कारकून म्हणायचे. सुनेला त्यांनी पॉलिशला बसवलं, निब घासायला शिकवलं, पण लेथजवळ फिरकू दिलं नाही. आटे पाडणं रक्तात असावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्या रक्तात ते असायला हवं होतं, तो त्यांचा मुलगा परगावी बँकेत खुर्ची उबवत होता. पण हे त्यांना सांगणार कोण?

एकशे चाळीस पेनं झाली आणि सासरे पायरीवरून घसरले. उजवा हात प्लास्टरमध्ये. उरलेली साठ होणार नाहीत, कॉलेजला कळवून टाक, असं सांगून ते भिंतीकडे तोंड करून पडले. सूनबाईने काही कळवलं नाही. ती गल्लीत दारोदार फिरली. समोरच्या टर्नरने पेनांसाठी रेघारेघांच्या दांड्या कापून, भोकं पाडून द्यायचं कबूल केलं. शिंप्याने पेनांच्या पिशव्या शिवायला घेतल्या. सलूनवाल्याने आणि त्याच्या बायकोने सगळ्या पेनांचं शेवटचं पॉलिश अंगावर घेतलं. राहिले आटे. ते टर्नरच पाडतोय, असं तिने सासऱ्यांना बिनदिक्कत ठोकून दिलं. खरं म्हणजे रोज दुपारी टर्नरच्या लेथवर ती स्वतःच उभी राहायची. आठ वर्षं कोपऱ्यात बसून जे चोरून बघितलं होतं, तेवढीच तिची शिदोरी. चुकायची इतकी धास्ती, की एकेक आटा तीनतीनदा मापाला लावून बघायची.

आणि आज सकाळी सलूनवाला हसत हसत दोन टोपल्या घेऊन आला. पॉलिश असं, की तोंड बघून घ्यावं. एका टोपलीत दोनशे पेनं, दुसरीत दोनशे टोपणं. कात्र्या एका खणात, कंगवे दुसऱ्यात, अशी त्याची जन्माची शिस्त. सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. सासऱ्यांच्या पेनाचं टोपण फक्त त्याच पेनाला बसायचं, दुसऱ्यावर ते दोन फेऱ्यांत अडायचं. हे कळल्यावर सलूनवाला मटकन खालीच बसला.

गलका ऐकून बाहेर आलेले सासरे ओरडले नाहीत, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. त्यांनी टोपल्या समोर ओढून घेतल्या. पेन आणि टोपण एकाच दांडीतून निघतं, तेव्हा एकाच्या रेघा दुसऱ्यात पुढे जातात. तुम्ही रेघा जुळवा, मी फिरवून बघतो, असं त्यांनी सांगितलं. शिंपी चष्मा पुसून बसला, टर्नर हातातलं काम टाकून आला. सासरे पेन गुडघ्यांत धरायचे आणि डाव्या हाताने टोपण फिरवायचे. दुपारी एकपर्यंत सत्तर जोड्या लागल्या. सूनबाईने या वेळात पंधरा वेळा तरी घड्याळ बघितलं असेल, आणि शेवटी शिंप्याने ते भिंतीवरून काढून पालथं ठेवलं.

सव्वातीनला एकशे चाळीस जोड्या लागल्या. उरलेल्या साठांतलं कुठलंही टोपण कुठल्याही पेनावर सरसर बसत होतं. सासऱ्यांनी चार-पाच फिरवून बघितली आणि टर्नरकडे वळले.

"तुझं काम म्हणजे नट-बोल्ट. सगळे एका मापाचे," ते म्हणाले. "पण आज त्यानेच अब्रू राखली."

"काका, मी नुसत्या दांड्या कापल्या," टर्नर म्हणाला. "आटे हिने पाडलेत."

सूनबाईला वाटलं, आता खोटं बोलल्याबद्दल चारचौघांत वाभाडे निघणार, किंवा ही साठ पेनं बाजूला काढा म्हणणार. सासरे एक टोपण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. कान जवळ नेऊन त्यांनी ते एकदा ऐकलंही.

"किती झाली तुझी?"

"साठ."

प्रत्येक पेनासोबत एक चिठ्ठी जायची, तिच्यावर घडवणाऱ्याची सही. टर्नर म्हणजे भाड्याचा हात, पेन माझंच, असं म्हणत त्यांनी डाव्या हाताने, चार दिवस खपून, दोनशे वाकड्यातिकड्या सह्या केल्या होत्या. आता त्यांनी तो गठ्ठा मागवला, साठ चिठ्ठ्या मोजून काढल्या आणि फाडल्या. सूनबाईला रडू फुटायचंच बाकी होतं.

"कोऱ्या चिठ्ठ्या आण," सासरे म्हणाले. "दुसऱ्याच्या कामावर मी सही करत नाही. बस आणि कर."

"गाडी येईल, बाबा."

"थांबेल."

ती बसली. तिच्या साठातलंच एक पेन त्यांनी शाई भरून तिच्यापुढे सरकवलं. पहिल्या चिठ्ठीवर तिचा हात अडला. आठ वर्षं या गल्लीत कुणी न घेतलेलं आपलं नाव तिने सावकाश लिहिलं, आणि सासऱ्यांनी ते उचलून, डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग तिने दुसरी चिठ्ठी ओढली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. ती जागची हलली नाही.