तुरीची लाल रेघ

मालतीबाईंना त्यांच्याच विभागप्रमुखांनी फसवलं, आणि बाईंसोबत मलाही.

मालतीबाई म्हटलं की मला कार्तिकातलं कोवळं ऊन दिसतं. नागपूरबाहेर वाडीला ट्रकच्या गोदामांमागचं माझं शेत, डोक्याएवढ्या उंचीची तूर, मधमाश्या शिवू नयेत म्हणून फांद्यांना बांधलेल्या मलमलच्या इवल्या पिशव्या, आणि त्या वाऱ्यानं हलल्या की त्यांच्यामधून उजळत येणारी ती सावळी, किडकिडीत बाई. कृषी महाविद्यालयात त्या शिकवत. शहरातल्या लकडगंज बाजारात पोती वाहता वाहता डाळीचा व्यापारी झालेला मी; फुकट काही देत नाही. शेताचा तुकडा दिला तो एका बोलीवर, लवकर फुलणाऱ्या तुरीचं पहिलं बियाणं माझं. बी पिकेपर्यंत झाडांना कुणी हात लावणार नाही, असा शब्द साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, दिला होता.

लवकर फुलणाऱ्या आणि उशिरा फुलणाऱ्या तुरीचा संकर करून त्यांची नातवंडं बाईंनी इथं पेरली होती.

"काहून बाई, कधी फुलायचं ते तुरीच्या पोटात ठरलेलं राहते का?" मी चिडवलं.

"राहते न भाऊ! तुमच्या लकडगंजात लाकडं कापायची आरामशीन दिसली की शेजारचं तुमचं दुकान सापडते न? तसंच. पाकळीवरची लाल रेघ मले दिसते. फुलायची वेळ तिच्या शेजारी राहते का, ते शोधून राहिली मी."

आणि खरंच, लाल रेघेची झाडं आधी पेटली! हिरव्या अंधारात कुणी दिवाळी मांडावी तशी. मग एक झाड असं निघालं की पाकळीवर रेघ लाल, पण फुलायला उशीर. गेलं सगळं वाया, असं मला वाटलं; बाई मात्र बांधावर टाळ्या पिटत नाचल्या. "भाऊ, जोडी तुटली! अशा किती तुटतात त्यावरूनच दोघींच्या घरांतलं अंतर कळते!" त्या हसण्यात सगळं शेत खळाळलं. गुणसूत्राच्या अदृश्य धाग्यावर एका ऋतूचा पत्ता सापडत होता, आणि भाव सोडून दुसरं काही न कळणारा मी दुकान टाकून रोज तिथं धावत होतो. उरला होता तो पडताळा. या झाडांचं बी पुढच्या हंगामात पेरून.

थंडीत आपल्याकडे शेतावर तुरीच्या शेंगा उकडतात. साहेबांनी एका दुपारी बाईंना आपले वर्ग घ्यायला बसवलं आणि पाहुण्यांची जीप माझ्या शेतात आणली. हिरव्या भरल्या शेंगा होत्या फक्त लवकर फुललेल्या झाडांवर. तेवढीच ओरबाडली गेली. आम्ही दोघं पोहोचलो तेव्हा मिठाच्या पाण्याचा गंज चुलीवर खदखदत होता आणि मलमलच्या पिशव्या तुरीच्या ओळींमधल्या तासात पडल्या होत्या.

"उरलेल्या झाडांचं बी घ्या न बाई," साहेब सालं थुंकत म्हणाले.

"साहेब, उरली ती उशिराची!"

मी जीपसमोर आडवा उभा राहिलो. बाईंनीच मला बाजूला ओढलं. पुढे अहवालात साहेबांनी लिहिलं, मालतीबाईंच्या हलगर्जीमुळे प्रयोग फसला. काम बंद झालं. बाई नागपूर सोडून गेल्या, त्या परतल्या नाहीत.

झाड आपला काळ पोटात घेऊन जन्मतं. निघून गेलेल्या माणसाचा काळ मात्र मागे राहिलेल्याच्या शेतात थांबून राहतो. साहेब, तुम्ही अजून याच शहरात आहात. हलगर्जी बाईंची नव्हती, तुमची होती, हे बाईंचं नाव घेऊन चारचौघांत सांगा.