आठपैकी आठ

शेजारच्या मालुबाईंचा व्हिडिओ कॉल अकराला होता, आणि पावणेअकरा झाले तरी त्यांच्या सुनेचा, सौम्याचा फोन माझ्या कॉम्प्युटरला जोडला जायला तयार नव्हता.

आमच्या वडगावात तीन दिवस मोबाईलचं नेट बंद. टॉवरचं काहीतरी काम काढलेलं. बोलणं व्हायचं, पण साधा फोटो जायचा नाही. गल्लीत नेट होतं ते फक्त माझ्याकडे, कारण साड्यांची डिझाईनं पाठवायला घेतलेली केबल सरळ माझ्या कॉम्प्युटरमध्ये येते. खडेबाजारातून नखाएवढा वायफायचा डोंगल आणला, व्हिडिओ बघत बघत सेटिंगमध्ये शिरले, एक बटण सरकवलं, आणि माझं नेट आजूबाजूच्या फोनवर जायला लागलं! पासवर्डला आठ अक्षरं तरी पाहिजेत, कॉम्प्युटर म्हणाला, मी इंग्रजी अक्षरांत 'गोत्तिल्ला' घातलं. कन्नडात त्याचा अर्थ 'माहीत नाही'. कुणी पासवर्ड विचारला की मी तोंड वाकडं करून म्हणायची, "गोत्तिल्ला." दोन दिवस गल्ली हसली, आणि हसत हसत सगळी आत आली.

मालुबाईंचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गल्लीत हातमाग उरलाय तो त्यांचा एकटीचा. पुण्याच्या एक दुकानवाल्या बाई त्यांच्या साड्या बघून म्हणाल्या होत्या, या पॉवरलूमच्या वाटतात, हातमागाच्या असतील तर विणताना मला समोर दाखवा. पटलं तर वर्षभर साड्या घेणार. नाही पटलं तर माग मोडायचा, असं घरात ठरलेलं. मालुबाईंचे थोरले दीर भावकूअण्णा टेप घेऊन मागाची जागा मोजूनही गेले होते.

आणि माझ्या स्क्रीनवर काय? जोडलेले फोन : आठपैकी आठ.

"म्हंजे ओ आक्का?" सौम्या खिडकीतून.

"म्हणजे बस भरली. आठच जणांना घेतंय हे. मला कुठं ठाऊक होतं गं!"

बटण बंद केलं, परत चालू केलं. ते आठ फोन दारातच उभे असल्यासारखे सौम्याच्या आधी आत. मग मला सुचलं, पासवर्डच बदलायचा! बदलला. सौम्या तोवर पलीकडे मागापाशी पळालेली, आणि समोर मष्णूअण्णाचे चार पॉवरलूम धडधडत होते. मी खिडकीतून बेंबीच्या देठापासून ओरडले, "सौम्याऽऽ, इंग्रजीत मालुबाई लिही, पुढं एक!"

सौम्यानं ऐकलं की नाही कोण जाणे, गल्लीनं ऐकलं.

"लागलं गं आक्का!" मष्णूअण्णा समोरून हात हलवत होता. "ह्यो नवीन लई पळतोय!"

आठपैकी आठ.

मी कपाळावर हात मारला आणि पासवर्ड तिसऱ्यांदा बदलला. या वेळी तोंड उघडलं नाही. तळहातावर पेनानं लिहिला, मूठ मिटली आणि अनवाणी धावले. सौम्यानं माझा हात उलगडून एकेक अक्षर टिपलं. लागलं! लागलं की! आम्ही दोघी कुकरच्या शिट्टीसारख्या किंचाळलो. अकराला दोन मिनिटं कमी होती. मालुबाई मागावर बसलेल्या, नवं लुगडं नेसून, चेहरा परीक्षेला आलेल्या मुलीसारखा.

मी घरी परतून बाईंच्याच लिंकवर कॉम्प्युटरवरून शिरले आणि माझा माईक बंद ठेवला. तोवर दारात गल्ली.

"आक्का, नेट गेलं की!" मष्णूअण्णा.

"माझं भजन निम्म्यातच थांबलंय," यशोदाबाई.

"गप बसा आणि इकडं बघा."

बघितलं. मालुबाई भिंतीपलीकडे पंधरा हातांवर, पण आम्ही नऊ माणसं त्यांना स्क्रीनवर बघायला एकमेकांच्या खांद्यावर चढलो. रोज दिसणारी बाई, पण अशी कधी दिसली नव्हती.

पुण्याच्या बाईंनी डोळे बारीक केले. "मागे आवाज येतोय तो पॉवरलूमचाच ना?"

"त्यो समोरच्या घरचा हाय ओ बाई," मालुबाई म्हणाल्या.

"सगळे असंच सांगतात."

मालुबाईंचा हात धोट्यावर तसाच थांबला. मग माझ्या खोलीत सगळ्यांच्या माना हळूहळू मष्णूअण्णाकडे वळल्या.

"माझ्याकडं काय बघताय?" तो म्हणाला. आणि म्हणता म्हणताच पळाला.

एक लूम थांबला. दुसरा. तिसऱ्यानं जरा कुरकूर केली. चौथा थांबला तेव्हा गल्लीत इतकं सामसूम झालं की माझ्या पंख्याचा आवाज मला परका वाटला. वीज असताना भर दिवसा मष्णूअण्णानं लूम बंद केलेले मी पंचवीस वर्षांत पाहिले नव्हते.

मालुबाईंनी धोटा धाग्यांमधून टाकला. फणी ओढली. खट्.

तो खट् आधी भिंतीतून आला, आणि क्षणभरानं कॉम्प्युटरमधून. परत भिंतीतून, परत कॉम्प्युटरमधून. यशोदाबाईंनी माझा दंड इतका आवळला की वळ उठला.

"एक धागा तोडून जोडता का?" बाईंनी विचारलं.

मालुबाईंनी ताण्यातला एक उभा धागा पट्कन तोडला, दोन टोकं बोटांत धरली, चिमटीत काहीतरी फिरवलं. सौम्यानं फोन अगदी जवळ नेला. गाठ दिसेना. बाईंनी चष्मा लावला. तरी दिसेना.

"मावशी," त्या म्हणाल्या, आणि आवाज एकदम वेगळाच झालेला, "वर्षभर तुम्ही जेवढं विणाल तेवढं मला पाठवा."

माझ्या खोलीत जो गलका झाला तो भिंतीतून तिकडे आणि तिकडून फोनमधून पुण्याला गेला असणार, कारण बाई हसायला लागल्या. यशोदाबाई टाळ्या पिटत होत्या. मष्णूअण्णा दारात धापा टाकत विचारत होता, "काय म्हणाली? काय म्हणाली गं?"

मालुबाईंना एवढंच सुचलं, "व्हय? मग आता ठेवू का ओ बाई? तुमच्याकडं बघत विणलं तर काठ वाकडा येतोय."

"मी काही बोलत नाही. तुम्ही विणा," बाई म्हणाल्या.

फोन बाईंनी ठेवला नाही. सौम्याचा हात भरून आला, तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला. विणणं बघायचं सोडून माझ्या खोलीतनं कुणी हललं नाही.