बाबांचा माइक

माझे वडील, इंद्रभान, बेसूर गायचे. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी तसदी घ्यायला नको. वरवट बकालच्या मळ्यात मेथीला पाणी देताना त्यांनी तान घेतली की शेजारच्या धुऱ्यावरचे बगळे उडायचे. बाबांना वाटायचं, आपलं गाणं लांबवर पोचतं. ते खरंच होतं.

गावच्या भजनी मंडळात ते सत्तावीस वर्षं होते. माइकचं मशीनही त्यांनीच एका सालचे कांदे विकून आणलेलं. साहजिकच त्यांना मंडळातून काढायचा विषय कधी निघाला नाही. दर गुरुवारी देवळात मशीन न्यायचं, वायरी जोडायच्या, गायचं, वायरी गुंडाळून मशीन घरी आणायचं. दुसऱ्या कुणी मशीनला हात लावलेला त्यांना खपत नसे.

या वर्षी ते गेले. नवव्या दिवशी मी ठरवलं, तेरवीला मांडवात बाबांचाच आवाज लावायचा. मी खामगावला कॉलेजात शिकवतो, त्यामुळे मला असल्या कल्पना सुचतात.

मंडळ चार वर्षांपासून दर गुरुवारचं भजन थेट मशीनमधून पेनड्राइव्हवर घ्यायचं. मंडळाचे प्रमुख उत्तमराव यांनी तो काढून दिला. "घे बापू, दोनशे गुरुवार हायेत यात."

दोन दिवस मी कान देऊन ऐकलं. पेटी होती, मृदंग होता, टाळ होते, उत्तमरावांचा खोकलाही होता. बाबा नव्हते. एकही गुरुवार न चुकवणारा माणूस दोनशे गुरुवारांत कुठेच नव्हता. कुणीतरी फोनवर काढलेल्या व्हिडिओत ते दिसले. डोळे मिटलेले, एक हात कानावर, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, तोंड उघडं. स्पीकरमधून मात्र फक्त उत्तमराव.

मी मशीनची पेटी उघडली. बाबांच्या माइकवर चिकटपट्टी लावून पेनानं नाव लिहिलेलं होतं. वायर चाचपत गेलो. माइकपासून चार बोटांवर ती कापलेली होती. टोकं व्यवस्थित गुंडाळून काळ्या टेपखाली लपवली होती आणि पुढची वायर स्टँडला बांधून दिली होती, म्हणजे लांबून सगळं शाबूत दिसावं. एका म्हाताऱ्या माणसाला या लोकांनी वर्षानुवर्षं मुक्या माइकसमोर बसवलं होतं.

तसाच उत्तमरावांकडे गेलो. ते ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते.

"उत्तमकाका, माह्या बाबाची वायर कोणी कापली?"

"बस. चहा घे."

"चहा राहू द्या. म्हाताऱ्या माणसाले फसवलं तुम्ही! अन् स्वतःले भक्त म्हणवता?"

"आमी?" त्यांनी जुडी खाली ठेवली. "अबे, मशीन त्याचं. आमाले बोट लावू देत नोता तो. मले वाटलं वायर तुटली असन, त्याच्या ध्यानात नसन आलं. म्हून एक डाव शेगावहून नवी आनून जोडून देली. पुढच्या गुरुवारी पाह्यतो त पुन्हा कापेल होती."

"म्हणजे बाबांनीच?"

"मंग का मी? मी इचारलं, काऊन बे इंद्रभान, हे का करून राह्यला? त म्हने, नाद मले हाय, गावाले काऊन शिक्षा? अन् हासला."

"पण पहिले तर गाव ऐकायचं त्यांचं."

"हाव," उत्तमराव म्हणाले आणि जुडी पुन्हा हातात घेतली. "तुह्या लग्नापर्यंत."

मी घरी आलो. आई, कौशल्याबाई, तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "माय, तुले माहीत होतं?"

"कातर माहीच नेली होती," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "मी म्हनलं, पोराचं मनावर नोका घेऊ. त म्हने, राग नाही वं, पोरगं शिकेल हाय, त्याले सूर समजते."

मला सूर समजत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो.

तेवढ्यात माझी बायको, प्राची, फोन घेऊन आली. ती पुण्याची. बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. "अरे, आपल्या लग्नाची सीडी फोनवर घेतली होती ना, त्यात आहेत बाबा गाताना! ते लाव ना तेरवीला."

पाऊण मिनिट. बाबा स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणतायत. त्यात आम्हा दोघांची नावं आहेत आणि एक वांग्याचा वाफाही. तिसऱ्या ओळीला आवाज वर चढतो, पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघतात. तेवढ्यात हार हातात घेतलेला नवरदेव भटजींचा माइक ओढून घेतो: "बाबा, तुम्ही माइक बंद करता, की मी वायर कापू?" मांडवात हशा फुटतो. सगळ्यांत जास्त बाबा हसतात.

हा विनोद मी विसरलो नव्हतो. स्टाफरूममध्ये कितीदा तरी सांगितला होता. त्याचं पुढे काय झालं, तेवढं माहीत नव्हतं.

तेरवीला बाबांच्याच मशीनवर ते लावलं. दुसरं काही नव्हतंच. बाबांचा आवाज गावावरून गेला, मागोमाग माझा. पंगतीत लोक भाताचे हात तसेच धरून हसले. सतरा वर्षांनीही विनोद ताजा होता.

आई हसली नाही. "पुन्हा लाव," ती म्हणाली. "अन् तुह्यं बोलनं येऊ देऊ नोको."

मी पुन्हा लावलं आणि बटणावर बोट ठेवून बसलो. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी वर चढायला लागली तेव्हा ध्यानात आलं, की मी त्यांच्या ओळीवरच बोललो होतो. माझा आवाज तोडायचा तर बाबांनाच मध्ये तोडावं लागणार होतं.

बोट पडलं, पण उशिरा. बाबांची ओळ अर्धवट राहिली, आणि माझा पहिला शब्द तेवढा स्पीकरमधून गावभर गेला.

"बाबा."