बैलाच्या चालीनं

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, त्या ट्रॅकवर मी कुणालाही धडक दिलेली नाही. ओरडले असेन. ते वेगळं.

मी छाया. सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. चाळिशी उलटल्यावर सायकल शिकले. आमचे हे, रविराज, सीट धरून मागे पळायचे आणि सोसायटीतली पोरं गॅलरीतून टाळ्या पिटायची. शिकले खरी, पण मेन रोडवर ट्रकचा भोंगा वाजला की मी सायकलवरून उतरून कडेलाच उभी राहते. म्हणून मी पाटाच्या कडेच्या ट्रॅकनं जाते. सावली, वारा आणि ट्रक एकही नाही. ट्रॅक आहे तोवर माझी सायकल आहे. तो बंद झाला की पुन्हा शेअर रिक्षात अंग चोरून बसणं आलं, आणि ते मला मुळीच नको होतं.

ट्रॅकच्या तोंडाशी पाटी आहे. चालणाऱ्यांनी डावीकडून चालावं, सायकलवाल्यांनी मागून येताना घंटी वाजवावी. पण सकाळी फिरायला येणारं मंडळ चौघं-चौघं आडवं, वरात निघाल्यागत चालतं. पुढे अध्यक्ष खंडेराव आप्पा, मनमाडला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेले, आणि शेजारी त्यांच्या मिसेस सुलाबाई. ट्रिंग ट्रिंग करून माझा अंगठा दुखायला लागला, पण छे! पालथ्या घड्यावर पाणी.

"अहो आप्पा, सरका की जरा!"

"का? रस्ता काय तुझ्या सासऱ्यानं बांधलाय?"

रोज हेच. शेवटी मंडळानं ठरवलं, रविवारी बैठक घ्यायची आणि ट्रॅकवर सायकलला बंदी घालायची. झाडलोट, झाडांना पाणी, सगळं मंडळच बघतं, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

मी म्हटलं, यांना मोठा आवाजच हवा ना? घ्या! वणीहून देवघरासाठी आणलेली पितळी घंटा मी हँडलला बांधली आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या मागे जाऊन खणखणीत वाजवली.

अख्खं मंडळ जागच्या जागी उभं! ट्रॅकच्या मधोमध. सगळ्यांचे हात आधी छातीला, मग कपाळाला. सुलाबाईंनी तर चपला काढल्या आणि डोळे मिटले. मी करकचून ब्रेक दाबला, सायकल आडवी झाली आणि मी मेंदीच्या कुंपणात.

"देवाची घंटा सायकलला बांधतेस?" आप्पा कडाडले. "आता रविवारी तुझी सायकल बंद म्हणजे बंद!"

घरी येऊन मी खरंच रडले. एवढं पडून-धडपडून शिकले, आणि सगळं पाण्यात! ह्यांना आधी हसू आलं, मग माझं तोंड बघून ते गपचूप माळ्यावर चढले. खाली आले तेव्हा हातात घुंगुरमाळ होती. गावाकडच्या, हरसूलच्या घरची बैलजोडी विकली तेव्हा ह्यांनी तेवढी मागून घेतली होती. दर पोळ्याला काढायची, पुसायची, परत ठेवायची.

"ही बांध," हे म्हणाले. "मंडळातले निम्मे लोक शेतकऱ्यांच्याच घरातले आहेत."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? सगळे हसतील मला."

"हसू देत. बांध तर."

शनिवारी माळ हँडलला बांधून निघाले. खड्ड्यातून चाक गेलं की छुनुक, छुनुक. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

आप्पांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. चालता चालता सुलाबाईंचा दंड धरला आणि त्यांना गवतावर ओढलं. "बाजूला हो गं, गाडी आली." त्यांच्यामागे सगळं मंडळ सरसर डावीकडे, एका ओळीत. समोर ट्रॅक अख्खा मोकळा! मला इतकं नवल वाटलं की मी पुढे जायचं सोडून तिथंच उतरले.

आता आप्पा वळले. आधी बैल शोधले, मग मला बघितलं. सुलाबाई हसून हसून बाकावर बसल्या. आप्पा मात्र हसले नाहीत. जवळ आले आणि माळ हातात घेतली.

"कुणाच्या जोडीची?"

"ह्यांच्या घरच्या. हरसूलच्या. आता जोडी नाही."

"आमची पण नाय," ते म्हणाले. "लय वर्षांनी ऐकली गं." त्यांचा आवाज जड झाला होता. वाटलं, माळ सोडून त्यांच्याच हातात ठेवावी. ज्या माणसाला मी रोज मनात शिव्या घालायचे, त्याच्याबद्दल मला असं वाटावं!

रविवारी बैठकीत आप्पा उठले. "सायकल राहील. माळ ऐकली की आपण एका ओळीत. पण माळ वाजते म्हणजे मागं बैल आहे, आणि बैल काय माणसाच्या अंगावर धावून येत नाय. सायकल ट्रॅकवर बैलाच्या चालीनंच येईल."

"बैलाच्या चालीनं?" मी उसळले. "मला लेट मार्क लागेल!"

"मग लवकर निघ की, पोरी."

पोरी! चाळिशी उलटलेल्या बाईला! फणफणत घरी आले आणि गजर अर्धा तास अलीकडे लावला.

आता मी घरून लवकर निघते. पण काल भाजीत मीठच राहिलं, त्यात उशीर झाला, आणि मंडळानं वाट दिल्याबरोबर मी जोरात पायडल मारलं. मागून आप्पांनी बैल थांबवायला घालतात तशी हाक घातली, "होऽऽ! होऽऽ!"

आणि काय सांगू, माझे हात आपसूक ब्रेकवर गेले. मी थांबले. तणतणत मागे वळून बघितलं, तर आप्पा पोट धरून हसत होते.