दाट विणीची घोंगडी

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर ट्रंकेखाली अंथरलेली, कडांनी विरलेली ती काळी घोंगडी म्हणजे मी. एके काळी माझ्यातून वाराही जात नसे. हा माझा गुण होता की दोष, याविषयी माझे स्वतःशीच अजून एकमत झालेले नाही.

सयाजी सणगराने मला मागावर विणले आणि चिंचोक्यांची खळ देऊन ताठ केले. कोल्हापूरच्या बाजारात मला गिऱ्हाइकापुढे पसरून तो म्हणाला, "पावणं, हिच्यातनं थेंब गळला तर मिशी उतरवीन की!" ते गिऱ्हाईक म्हणजे कचेरीत नोकरी करणारे त्र्यंबकराव. त्यांच्या मातोश्री माई यांनी मला हाताने चाचपून पसंत केले. घरात कोणाला थंडी वाजली की माझे नाव निघे. स्तुती कोणाला आवडत नाही?

स्वातंत्र्यानंतरच्या पाचव्या हिवाळ्यात मंडळी वडणग्याच्या गुऱ्हाळाला निघाली. त्र्यंबकरावांचा मुलगा बंडू तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता. पहाटेचा गारठा पाहून माईंनी बांबूच्या तट्ट्याचे छप्पर असलेल्या बैलगाडीची बाळंतिणीची खोली केली. पुढे सतरंजी बांधली, मागे मला घट्ट ताणले आणि आत वाळूच्या घमेल्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवून तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकला.

"माई, ही गाडी हाय का न्हाणीघर?" गाडीवान ज्ञानू म्हणाला.

"तू बैल हाक!"

सून नंदिनी हळूच म्हणाली, "पुढची बाजू थोडी उघडी ठेवू या का?"

"तुझा नवरा याच धुरीत वाढला," माई म्हणाल्या, आणि वाद मिटला.

वस्तुतः तो मिटायला नको होता. बाळंतिणीच्या खोलीला कौलांच्या फटी असतात, दार उघडते-मिटते. गाडीला आम्ही एकही फट ठेवली नव्हती. निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. जो दिसतो आणि सुवासिक असतो, तो ओव्याचा धूर. माईंची माया खरी होती. तिला फक्त एवढा भेद ठाऊक नव्हता.

त्र्यंबकराव पुढे ज्ञानूजवळ बसले होते. पंचगंगेचा पूल मागे पडला. माईंना डुलकी लागली. नंदिनीचे डोके जड झाले. तिने बंडूला छातीशी धरले. त्याने तोंड लावले नाही.

"माई, हा दूध ओढत नाही."

"ऊब लागलीय. झोपू दे," माई डोळे न उघडता पुटपुटल्या.

लग्न झाल्यापासून नंदिनीने सासूचा शब्द मोडला नव्हता.  तरीही तिने बाळाच्या तळपायाला चिमटा काढला. पाय हलला नाही.

"गाडी थांबवा!"

तिने मला असा हिसडा दिला की माझा एक कोपरा दोरीलाच राहिला. बाळाला घेऊन तिने खाली उडी मारली. त्र्यंबकराव धावले. माई कशाबशा उतरल्या आणि भोवळ येऊन रस्त्यातच बसल्या. तशातही त्या सवयीने ओरडल्या, "अगं, वारा लागेल त्याला!"

"लागू दे, माई. त्याला वाराच लागू दे!"

नंदिनीने बंडूची कुंची सोडली, पाठ चोळली. उसाच्या फडावरून बोचरा वारा आला. बाळाचे ओठ थरथरले, आणि मग असा टाहो फुटला की बैलही बिचकले.

"रडतंय! रडतंय की वो, माई!" ज्ञानू हर्षाने ओरडला.

शेगडी रस्त्याकडेला उलथली गेली. गुऱ्हाळ राहून गेले. दोन्ही बाजू उघड्या ठेवून गाडी डॉक्टरांकडे परत फिरली. माईंनी वाटभर नातवाकडे हात केला नाही. शेवटी त्यांनी विचारले, "घेऊ का गं मी त्याला?" त्या घरात माईंनी कधी कोणाची परवानगी मागितली नव्हती. नंदिनीने बंडूला त्यांच्या मांडीवर ठेवले.

मित्रांनो, तान्ह्या बाळांना जरूर पांघरूण घाला. परंतु पेटत्या निखाऱ्यांपाशी दारे-खिडक्या लावून बसू नका. आणि घरात एरवी मान खाली घालून वावरणारे माणूस हळू आवाजात काही सुचवू लागले, तर त्याला ओरडावे लागण्यापूर्वीच त्याचे ऐका.